मुंबई ते न्यूयॉर्क: किलोमीटर किती, तास किती, आणि हा हिशेब घरच्या घरी कसा करायचा

आईचं अमेरिकेचं तिकीट आलं त्या संध्याकाळी घरात एकाच प्रश्नाची तीन उत्तरं होती. प्रश्न साधाच होता: प्रवास किती तासांचा? तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ पहाटे २:०० आणि न्यूयॉर्कला पोचायची वेळ त्याच दिवशी सकाळी ७:३०. आईनं बोटं मोजली आणि म्हणाली, "साडेपाच तास. एवढ्यात तर आपली शिर्डीसुद्धा नीट होत नाही." इंटरनेटवर अंतर सांगणाऱ्या एका पानानं १३ तास ५५ मिनिटं असं ठणकावून सांगितलं. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनहून ताई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अख्खा एक दिवस धरा गं, वर तीन-चार तास."

यातलं कुणीच अगदी चूक नव्हतं. आई भिंतीवरचं घड्याळ मोजत होती, ते पान नकाशा मोजत होतं आणि ताई दार ते दार मोजत होती. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात कुणीही परदेशी निघालं की हिशेबाचा कागद माझ्याकडे येतो. तो कागद मी कसा भरते ते इथे सांगते. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचंच घेते, पण रीत कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

आधी दोरा

पहिली पायरी मुलांसोबत करायची. घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर काढा, आणि शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर आणा आणि दोरा ताणा. ढिला राहू देऊ नका. दोरा आपोआप सरकून जिथे स्थिरावतो, ती दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट.

आमच्या गोलावर हे केलं तेव्हा आईला पटेचना. तिच्या डोक्यात भिंतीवरचा सपाट नकाशा: मुंबईहून डावीकडे सरळ रेघ मारली की अरबस्तान, इजिप्त, लिबिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क. दोरा मात्र सिंध-बलुचिस्तानावरून अफगाणिस्तानाच्या कडेनं वर चढला, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून गेला, स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलंडला टेकला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडातून खाली न्यूयॉर्कला उतरला. "हे तर उत्तर ध्रुवाकडून चाललंय," आई म्हणाली. अगदी ध्रुवावरून नाही, पण ६५ अंश उत्तर अक्षांशाजवळ ही वाट पोचते हे खरं. मुंबई १९ अंशांवर आहे, यावरून चढ किती ते बघा.

दोष भिंतीवरच्या नकाशाचा. तो बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. ही पद्धत १५६९ सालची, खलाशांना होकायंत्राची दिशा धरून जाता यावं म्हणून केलेली. त्यात ध्रुवाकडचा भाग आडवा-उभा ताणलेला असतो, म्हणून उत्तरेकडून जाणारी जवळची वाट लांबचा वळसा दिसते. त्या नकाशावरच्या सरळ रेघेनं खरोखर उडालं तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतील. दोऱ्याची वाट त्याहून सोळाशे-सतराशे किलोमीटरनं कमी आहे.

आता दोरा मोजा. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून त्याचीही लांबी घ्या. विषुववृत्ताचा खरा घेर ४०,०७५ किलोमीटर, त्यामुळे बाकी त्रैराशिक. आमच्या गोलाचा घेर भरला ६३ सेंटीमीटर आणि मुंबई–न्यूयॉर्क दोरा १९.५ सेंटीमीटर. १९.५ भागिले ६३ गुणिले ४०,०७५, म्हणजे १२,४०४ किलोमीटर. खरा आकडा पुढे येतोच, पण शिवणाच्या दोऱ्यानं एका टक्क्याच्या चुकीत आणून सोडलं.

मग कॅल्क्युलेटर

ज्यांना दोऱ्यावर भरवसा नाही त्यांच्यासाठी दहावी-बारावीतलं त्रिकोणमिती. घाबरू नका, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की साइन आणि कॉसची बटणं दिसतात. मोजमाप अंशांत आहे ना, हे मात्र आधी तपासा. तो रेडियनवर असेल तर भलतंच काहीतरी येतं आणि आपण उगाच स्वतःला दोष देत बसतो.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची, वजाबाकी नाही. बहुतेकांची चूक इथेच होते. ७२.८७ अधिक ७३.७८ म्हणजे १४६.६५ अंश. दोन्ही शहरं एकाच बाजूची असती, समजा मुंबई आणि टोकियो, तर वजाबाकी.

सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि रेखांशाच्या फरकाचा कॉस यांचा गुणाकार.

पहिला भाग: ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३
दुसरा भाग: ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९
बेरीज: −०.३८६

आता उलटा कॉस घ्या, म्हणजे शिफ्ट (मोबाइलवर '2nd' किंवा 'INV') दाबून कॉसचं बटण. उत्तर ११२.७ अंश. पृथ्वीच्या मध्यातून बघितलं तर ही दोन शहरं एकमेकींपासून एवढ्या कोनावर आहेत. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणून ११२.७ गुणिले १११.२ = १२,५३२ किलोमीटर.

वैमानिक मात्र किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, ते सागरी मैल वापरतात. कोनाच्या एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा. म्हणून ११२.७ गुणिले ६०, साधारण ६,७६० सागरी मैल. अमेरिकेतले नातेवाईक जे मैल सांगतात ते जमिनीवरचे, १.६०९ किलोमीटरचे. त्या हिशेबानं ७,७८७. एकाच प्रवासाचे तीन आकडे ऐकू येतात ते यामुळे.

एवढी खटपट नको असेल तर गुगल मॅप्समध्ये 'अंतर मोजा' हा पर्याय आहे. दोन ठिकाणी टिचकी मारा, तो गोलावरचीच वाट मोजतो आणि रेघही वाकडी दाखवतो. पण मी एकदा तरी हातानं करायला सांगते. एकदा केलं की पुढे कुणीही कुठलाही आकडा फेकला तरी तो बरा की बनावट ते कळतं.

विमान त्या दोऱ्यावरून जात नाही

अंतराच्या पानावरची १३ तास ५५ मिनिटं आली कुठून? १२,५३२ ला ९०० नं भागलंय, बस्स. ताशी ९०० किलोमीटर हा वेग तसा बरोबर आहे. बोइंग ७७७ किंवा ७८७ सारखी लांब पल्ल्याची विमानं ३५,००० फुटांच्या आसपास आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांनी उडतात. तिथे बाहेर उणे पन्नासच्या खाली तापमान असतं, थंड हवेत आवाजाचाही वेग कमी होतो आणि हिशेब नऊशेच्या जवळ येतो. पण त्या भागाकारात तीन गोष्टी राहून गेल्या आहेत: वाट, वारा आणि जमिनीवरचा वेळ.

वाटेचं आधी. दोरा देशांच्या सीमा बघत नाही, विमानाला बघाव्या लागतात. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारतानंही तेच केलं, आणि ती मुदत पुढे महिन्यामहिन्यानं वाढत गेली. याआधी २०१९ मध्येही बालाकोटनंतर फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. मुंबईहून निघालेला आपला दोरा तर अर्ध्या-पाऊण तासातच पाकिस्तानात शिरतो. त्यामुळे भारतीय कंपनीचं विमान आधी अरबी समुद्रावर पश्चिमेला जातं आणि मग वर वळतं. ही बंदी परदेशी कंपन्यांना नाही. त्यांचं दुखणं निराळं: युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी, युरोपीय आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंद आहे. म्हणजे मॉस्कोवरून जाणारा तो देखणा दोरा या सगळ्यांच्याच कामाचा राहिलेला नाही. जून २०२५ मध्ये इराणचं आकाश बंद झालं तेव्हा तर पश्चिमेकडची उरलेली वाटही चिंचोळी झाली. त्या वर्षी दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

हे सगळं रोज बदलतं. म्हणून मी कागदावर नकाशाच्या अंतरात सरसकट ५ टक्के वाढवते. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. १२,५३२ चे झाले साधारण १३,१६०.

वारा: जाताना आडवा येतो, येताना पाठ थोपटतो

याच भागात मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण आईचा दुसरा प्रश्न इथेच होता. "जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा? रस्ता तोच ना?"

उत्तर गोलार्धात, ३०,००० ते ४०,००० फुटांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नागमोडी नदी वाहते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा जिथे भेटते तिथे, दोन्हींतल्या तापमानाच्या फरकामुळे ती तयार होते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो म्हणून तिचा जोरही वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वारा तिथे नवलाचा नाही. गंमत म्हणजे वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण जगानं वाचावं म्हणून त्यानं तो अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. साहजिकच तो फारसा कुणी वाचला नाही.

मदत किती होते? फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमान काही आवाजाहून वेगानं धावलं नाही, ज्या हवेत ते होतं ती हवाच पुढे पळत होती. नदीत प्रवाहाच्या दिशेनं पोहणाऱ्याला काठावरून बघावं, तसं.

कागदावर मी असं करते. पश्चिमेला जाताना ९०० तून ४० वजा, म्हणजे ८६०. पूर्वेला येताना ४० मिळवायचे, ९४०. वाटेत वारा कधी आडवा, कधी तिरका, कधी नाहीच, म्हणून सरासरीला ४० बरे पडतात. हिवाळ्यात जाणार असाल तर ५०-६० धरा.

जाताना: १३,१६० ÷ ८६० = १५.३ तास
येताना: १३,१६० ÷ ९४० = १४ तास

यात जमिनीवरचा वेळ मिळवा. तिकिटावरची वेळ चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतची असते, उड्डाण ते उतरणं एवढीच नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रात्री दोनच्या सुमाराला विमानं रांगेत उभी असतात. न्यूयॉर्कला उतरल्यावरही गेटपर्यंतची सरपट काही कमी नसते. शिवाय चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. या सगळ्याचे मिळून ४० मिनिटं. झाले जाताना सोळा, येताना साडेचौदा-पावणेपंधरा. तिकिटाशी ताडून बघा, जुळतं.

हाच ठोकताळा मुंबई–लंडनला लावून बघितला. अंतर ७,२१२ किलोमीटर, उत्तर जाताना साडेनऊ तासांच्या जवळ. तिथेही पास.

खात्री हवी असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर विमानाचा क्रमांक टाका. गेल्या आठवड्याभरात ते रोज खरोखर किती वाजता सुटलं आणि किती वाजता पोचलं, हे दिसतं. वेळापत्रकातल्या आकड्यापेक्षा ही सात ओळींची यादी मला जास्त खरी वाटते. कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात, त्यामुळे अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही बरेचदा 'वेळेवर' पोचतं.

घड्याळाचा घोळ

आता आईचे साडेपाच तास. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. मुंबईची मुंबईत, न्यूयॉर्कची न्यूयॉर्कमध्ये. दोन वेळांची थेट वजाबाकी केली की हसं होतं. सरळ उपाय एकच: दोन्ही वेळा ग्रिनिच वेळेत आणा, मग वजा करा.

भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. २०२६ साली या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. म्हणजे आपल्यातला आणि न्यूयॉर्कमधला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ.

आईचं तिकीट १४ जानेवारीचं. मुंबईचे पहाटे २:०० म्हणजे ग्रिनिचचे आदल्या रात्रीचे, १३ तारखेचे, ८:३०. न्यूयॉर्कचे सकाळचे ७:३० म्हणजे ग्रिनिचचे दुपारचे १२:३०, तारीख १४. मधले तास मोजा: सोळा.

परतीचं तिकीट २ फेब्रुवारी, न्यूयॉर्कहून सकाळी ११:३०, मुंबईत ३ फेब्रुवारीला दुपारी १२:३०. ग्रिनिचमध्ये २ तारखेचे संध्याकाळचे ४:३० ते ३ तारखेचे सकाळचे ७:००. साडेचौदा तास. तिकिटावर अशा वेळेपुढे बारीक अक्षरात '+१' असं छापलेलं असतं, म्हणजे पोचायची तारीख दुसऱ्या दिवशीची. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला हा '+१' फोटो काढून पाठवा. तोंडी सांगू नका.

याच हिशेबातून एक मजा कळली. जानेवारीत पहाटे दोनला निघून पश्चिमेला जाणारं विमान रात्रीच्या मागोमाग धावतं. न्यूयॉर्कला त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. म्हणजे आईनं सोळा तास खिडकीबाहेर काळोखच पाहिला आणि चाकं टेकताना उजाडलं. "एवढी मोठी रात्र मी बाळंतपणातसुद्धा काढली नव्हती," असं ती पोचल्यावर म्हणाली.

आणि आता मध्यरात्रीचा सापळा, ज्यात आमचे मामा सापडले. त्यांचं तिकीट होतं '१४ तारीख, ००:५०'. मामा १४ तारखेला छान जेवले, सगळ्यांना नमस्कार-चमत्कार झाले, आणि रात्री दहाला बॅगा घेऊन विमानतळावर हजर. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. ००:५० म्हणजे १४ तारीख लागल्यावर पन्नास मिनिटांनी, म्हणजे घरातून निघायचं १३ तारखेच्या संध्याकाळी. मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात, त्यामुळे ही चूक जितकी मूर्खपणाची वाटते तितकी दुर्मीळ नाही. माझा नियम: तिकीट आलं की त्यावरच्या सुटायच्या तारखेखाली पेननं 'घरातून निघायचं' असं लिहून वार आणि वेळ टाकायची. वार महत्त्वाचा. तारखा माणसं विसरतात, 'मंगळवारी संध्याकाळी' विसरत नाहीत.

वाटेत थांबायचं का?

थेट विमान महाग असतं, म्हणून पुष्कळ जण एक थांबा घेतात. इथे लोक अंतराला घाबरतात, आणि ते उगाच. मी त्याच सूत्रानं दोन-दोन तुकडे मोजले. लंडनमार्गे एकूण सुमारे १२,७५० किलोमीटर. इस्तंबूलमार्गे ४,८३५ अधिक ८,०२७, म्हणजे १२,८६०. दुबईमार्गे १,९२७ अधिक ११,००२, म्हणजे १२,९३०. थेट अंतर १२,५३२. म्हणजे दुबईला जाऊनही जेमतेम चारशे किलोमीटर वाढले, पुणे–गोव्याएवढे. ही गावं वाटेवरच आहेत. याउलट कुणी स्वस्तात सिंगापूरमार्गे तिकीट दाखवलं तर अंतर जातं १९,२७० वर. ती उलटी गंगा.

वाढतात ते तास. दुबईमार्गे हवेतले साधारण सव्वातीन अधिक सव्वाचौदा, शिवाय मधला थांबा. तो तीन तासांचा असला तरी एकूण वीस-एकवीस. मधला थांबा किती असावा यावर माझं मत ठाम आहे: दोन तासांच्या आत नको, वयस्कर माणूस एकटा असेल तर तीन ते चार. मी स्वतः एकदा १ तास २५ मिनिटांच्या थांब्यावर विसंबले. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा, उतरल्यावर बस, मग दुसरी इमारत, परत सुरक्षा तपासणी. गेटवर पोचले तेव्हा काचेपलीकडे विमान दिसत होतं आणि दार बंद होतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर होते म्हणून कंपनीनं पुढच्या विमानात बसवलं. वेगवेगळी तिकिटं काढली असती तर दुसरं तिकीट माझ्याच खिशातून गेलं असतं. म्हणून थांबा घ्यायचा तर दोन्ही टप्पे एकाच आरक्षणावर घ्या, आणि बॅगा कुठपर्यंत जाणार ते मुंबईच्या काउंटरवर विचारून बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं (केनेडीची JFK) बघा.

अमेरिकेच्या आतल्या थांब्याचं गणित वेगळं. न्यूयॉर्कला उतरून पुढे शिकागोला जायचं असेल तर इमिग्रेशन न्यूयॉर्कलाच होतं, बॅगाही तिथेच पट्ट्यावरून घेऊन कस्टममधून बाहेर आणून पुन्हा द्याव्या लागतात. इथे तीन तासही कधी कमी पडतात. अबू धाबीमार्गे मात्र एक सोय आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, त्यामुळे न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं.

शेवटचा कागद: दार ते दार

हा कागद भरल्याशिवाय बाकीचे आकडे शोभेचेच. आईचा असा भरला होता.

मंगळवार, १३ जानेवारी, संध्याकाळी ५:३०: कोथरूडहून निघणं. पुणे ते मुंबई विमानतळ साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, पण बोरघाटात एक ट्रक आडवा झाला की हिशेब संपला. म्हणून साडेचार.
रात्री १०:००: विमानतळ. काउंटर गाठायची वेळ ११, म्हणजे हाताशी एक तास.
पहाटे २:००: उड्डाण. सोळा तास.
सकाळी ७:३०, न्यूयॉर्कची वेळ: उतरणं. इमिग्रेशन आणि बॅगा, दीड तास.
सकाळी ९:०० ते १०:४५: गाडीनं एडिसन.

निघाल्याची वेळ ग्रिनिचमध्ये दुपारचे १२:००, पोचल्याची दुसऱ्या दिवशी दुपारचे ३:४५. पावणेअठ्ठावीस तास, त्यातले विमानात सोळा. ताईचा 'एक दिवस, वर तीन-चार तास' हाच आकडा खरा निघाला.

या कागदानं दोन निर्णय बदलले. एक, एडिसनला जाणाऱ्यांनी न्यूयॉर्कऐवजी न्यूअर्कला उतरणारं विमान मिळतंय का ते आधी बघावं. नकाशावर दोन्ही विमानतळ शेजारी दिसतात, पण न्यूअर्क न्यू जर्सीतच आहे, तिथून एडिसन अर्ध्या-पाऊण तासावर. केनेडीहून यायचं तर अख्ख्या शहराची गर्दी आणि खाडीवरचे पूल ओलांडा. पुढच्या वेळी आईचं तिकीट तिथलंच काढणार आहोत. दोन, व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच नोंदवली. आईला चालता येतं, तिला ते कमीपणाचंही वाटलं, पण लांबलचक गल्ल्या आणि इमिग्रेशनची रांग यांत ज्येष्ठ माणसाचा बराच वेळ आणि जीव वाचतो.

औषधांचं शेवटी लिहिते, पण कागदावर ते सगळ्यात वर असतं. रोज ठराविक वेळी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं प्रवासात भिंतीवरचं घड्याळ बघू नये. दोन मात्रांमध्ये खरोखर किती तास गेले ते बघावं, आणि प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक निघण्याआधी आपल्या डॉक्टरकडून लिहून घ्यावं. आईच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी आम्ही सोपी युक्ती केली: तिचं मनगटी घड्याळ एडिसनला पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेळा त्याच घड्याळाप्रमाणे चिठ्ठीवर लिहिल्या. चिठ्ठी पर्समध्ये, गोळ्या हातातल्या पिशवीत, विमानाच्या पोटातल्या सामानात नाही. पोचून तीन दिवस झाले तरी तिनं घड्याळ बदललं नव्हतं. "राहू दे," म्हणाली, "तुम्ही कधी जेवता ते कळतं."